वाचकांचे प्रश्न : नॉर्मलाइज केलं, तरी आवाज बारीकच!

व्हिडिओ एडिटिंग करताना आवाजाची लेव्हल कशी जुळवायची, याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत. एक खुलासा आधीच करून टाकू, म्हणजे पुढे घोटाळा नको. डिजिटल मीटरवर शून्य डेसिबल हे छत असतं. त्याच्या वर जागाच नाही, म्हणून मोजणी खालच्या दिशेने होते आणि सगळे आकडे उणे येतात. -६ म्हणजे छतापासून सहा डेसिबल खाली. आणि नॉर्मलाइज करणं म्हणजे क्लिपचा आवाज मोजून तो ठरवलेल्या आकड्यावर नेणं.

प्रश्न : ४० मिनिटांच्या व्याख्यानाचं रेकॉर्डिंग आहे. प्रीमियर प्रोमध्ये पूर्ण क्लिप निवडून -१ डेसिबलला नॉर्मलाइज केली. आवाज जेमतेम वाढला, फोन अजूनही कानाशी धरावा लागतो. सॉफ्टवेअरमध्ये काही बिघाड आहे का?

बिघाड नाही. सांगितलं तेवढंच काम त्याने चोख केलं. क्लिप निवडून ‘जी’ दाबल्यावर ऑडिओ गेनची (आवाजाच्या वाढ-घटीची) जी चौकट उघडते, तिच्यातलं ‘नॉर्मलाइज मॅक्स पीक’ फक्त सगळ्यात उंच टोक बघतं. व्याख्यानात हे टोक वक्त्याच्या आवाजाचं क्वचितच असतं. कुणीतरी माइकजवळ टाळी वाजवलेली असते, खोकलेलं असतं, नाहीतर माइकला हात लागलेला असतो. समजा ती टाळी -३ वर आहे. तिला -१ वर न्यायला दोन डेसिबल पुरतात, आणि मग उरलेल्या ४० मिनिटांच्याही वाट्याला तेवढेच दोन येतात. दोन डेसिबलची वाढ कळेल न कळेल इतकीच. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहा लागतात.

कानाला आवाज किती मोठा वाटतो, याचं माप वेगळं आहे : एलयूएफएस. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.१७७० या २००६ सालच्या शिफारशीतून ते आलं. यात खोल घुमणाऱ्या भागाला कमी वजन देतात आणि वरच्या पट्टीला थोडं जास्त. २०११ च्या सुधारणेनंतर शांत जागाही हिशेबातून गाळल्या जातात. आवाजाचे ४०० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात, -७० च्या खालचे सोडून देतात, आणि उरलेल्यांच्या सरासरीपेक्षा दहाहून जास्त खाली असलेलेही वगळतात. त्यामुळे वक्ता पाणी प्यायला थांबला म्हणून पूर्ण व्याख्यानाचा आकडा घसरत नाही.

तुमच्या क्लिपवर आता काय करायचं ते पाहा. मिक्स ट्रॅकवर (जिथे सगळे ट्रॅक एकत्र होतात) ‘लाउडनेस मीटर’ हा इफेक्ट टाका (जुन्या आवृत्तीत ‘लाउडनेस रडार’) आणि व्याख्यानाचा बोलण्याचा भाग वाजवून ‘इंटिग्रेटेड’ म्हणजे एकूण सरासरीचा आकडा वाचा. तो -३० आला असं धरू. तुम्हाला -१६ हवंय (हाच आकडा का, ते पुढच्या प्रश्नात), म्हणजे १४ वाढवायचे. पण -३ वरच्या टाळीला १४ दिले तर ती छताच्या ११ डेसिबल वर जाईल. म्हणून आधी ट्रॅक उभा ताणून वेव्हफॉर्म मोठा करा, टाळीच्या अलीकडे-पलीकडे ब्लेडने काप घ्या आणि तेवढ्या तुकड्याचा गेन -१२ करा. टाळी -१५ वर आली. आता सगळे तुकडे निवडून ‘ॲडजस्ट गेन बाय’मध्ये १४ भरा. टाळी बरोबर -१ वर बसेल आणि वक्ता ऐकू येईल. अशी टोकं डझनभर असतील तर प्रत्येक हाताने उतरवा. वीस मिनिटांचं काम आहे. ते टाळून सगळा भार लिमिटरवर (आवाज ठरलेल्या छताच्या वर जाऊ न देणाऱ्या इफेक्टवर) टाकला, तर टाळीसरशी वक्त्याचा आवाजही दबतो आणि क्षणभराने परत येतो. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण खटकतं.

इसेन्शियल साउंड पॅनेलमध्ये क्लिपला ‘डायलॉग’ ठरवून ‘ऑटो-मॅच’ दाबणं हा झटपट मार्ग आहे. मात्र तो बोलणं -२३ एलयूएफएसवर आणतो. ते टीव्ही प्रसारणाचं माप आहे. फोनवर ऐकणाऱ्यासाठी ते बारीकच राहतं, आणि मग ‘ऑटो-मॅच करूनही आवाज येत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

प्रश्न : नेमका आकडा कोणता धरायचा? कुणी -१४ सांगतं, कुणी -१६, कुणी -२३.

तिघंही बरोबर सांगतात. फक्त तिघांची ठिकाणं वेगळी आहेत. युरोपीय ब्रॉडकास्टिंग युनियनचं आर १२८ हे २०१० सालचं मानक टीव्हीसाठी -२३ मागतं, ट्रू पीक (लहरीचं खरं टोक, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात) -१ च्या वर न जाता. अमेरिकेतलं टीव्ही प्रसारण -२४ वर चालतं. नेटफ्लिक्सला -२७ हवं, दोनने कमी-जास्त चालतं. तिथे माप फक्त संवादांवरून घेतात. ॲपल पॉडकास्ट -१६ सुचवतं. यूट्यूब -१४ च्या आसपास चालतं, पण एकतर्फी : तुमचा व्हिडिओ त्याहून मोठा असेल तर खाली आणतं, बारीक असेल तर आपणहून वर उचलत नाही. म्हणजे -२० चा व्हिडिओ -२० वरच वाजतो आणि शेजारच्या व्हिडिओपेक्षा मवाळ वाटतो.

हे तपासता येतं. संगणकावर यूट्यूब व्हिडिओ चालू असताना त्यावर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. व्हॉल्यूमच्या ओळीत शेवटी ‘कंटेंट लाउडनेस’ दिसेल. तिथे -५ असेल तर तुमचा आवाज यूट्यूबच्या मापापेक्षा पाचने बारीक आहे. नुसतं ५ असेल तर तो पाचने मोठा होता आणि यूट्यूबने तेवढा उतरवला.

आमचं मत विचाराल तर निव्वळ बोलण्याच्या व्हिडिओला -१६ ते -१४ च्या मधलं काहीही चालतं. -१४ गाठायचंच म्हणून आवाज चेपत बसू नका. दोन एककांसाठी बोलण्यातला चढ-उतार घालवणं हा तोट्याचा सौदा आहे.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. एकाच चॅनेलची मोनो फाइल आणि तीच दोन्ही चॅनेलवर टाकलेली स्टीरिओ फाइल यांच्या मापात तीन एककांचा फरक पडतो. स्टीरिओ -१६ च्या जोडीला मोनो फाइल -१९ लागते.

प्रश्न : टाइमलाइनवर मीटर कधीच शून्याला टेकत नाही. एक्सपोर्ट झालेल्या फाइलमध्ये मात्र मोठ्या जागी आवाज किंचित फाटतो. का?

मीटर जे दाखवतं ते नमुने असतात, सेकंदाला ४८,००० ठिपके. खरी लहर त्या ठिपक्यांच्या मधूनही वाहते, आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये तिचं टोक दोघांपेक्षा उंच असू शकतं. त्यात एक्सपोर्ट करताना एएसी कॉम्प्रेशन (आवाजाची फाइल लहान करण्याची पद्धत) लहरीचा आकार थोडा बदलतं. -०.१ वर टेकवलेली टोकं तिथे छताबाहेर जातात. शेवटच्या लिमिटरचं छत -१ ठेवा आणि ‘ट्रू पीक’चा पर्याय असेल तर तो चालू करा. तो पर्याय नसेल, किंवा दणदणीत संगीत असेल, तर -२.

प्रश्न : दा विंची रिझॉल्व्हमध्ये मुलाखत कापून पन्नासेक तुकडे झाले. सगळे निवडून नॉर्मलाइज केले. आता बोलणं एकसारखं आहे, पण प्रत्येक कटला मागची पंख्याची घरघर वर-खाली होते.

नॉर्मलाइजच्या चौकटीत ‘सेट लेव्हल’समोर ‘रिलेटिव्ह’ आणि ‘इंडिपेंडंट’ असे दोन पर्याय असतात. तुमच्याकडे ‘इंडिपेंडंट’ होतं. म्हणजे प्रत्येक तुकडा स्वतंत्र मोजला गेला आणि प्रत्येकाला वेगळी वाढ मिळाली.

आकड्यांत पाहू. लक्ष्य -१६ आहे. एका तुकड्यात पाहुणे हळूच पुटपुटले, तो -३४ वर होता. त्याला १८ ची वाढ मिळाली. पंखा -६० वर होता तो त्याच वाढीने -४२ वर आला. पुढचा तुकडा नेहमीच्या आवाजातला, -२२ चा. त्याला सहाच मिळाले, पंखा -५४ वर राहिला. म्हणजे त्या कटवर घरघरीने एकदम १२ डेसिबलची उडी घेतली. ‘हं’, ‘बरं’ अशा अर्ध्या सेकंदाच्या तुकड्यांना तर मोजण्याइतकं अंगच नसतं. त्यांची वाढ हमखास चुकते, आणि पुटपुटलेला ‘हं’ ठणकावून सांगितल्यासारखा वाजतो.

अनडू करा. मुलाखत घेणारा आणि पाहुणा यांचे माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवा. मग एका माणसाचे सगळे तुकडे निवडून राइट क्लिक, ‘नॉर्मलाइज ऑडिओ लेव्हल्स’, आणि या वेळी ‘रिलेटिव्ह’. त्यात सगळ्या तुकड्यांना एकच वाढ मिळते, आपापसातला फरक जसाच्या तसा राहतो. मग दुसऱ्या माणसाचे तुकडे. त्यानंतरही जे शब्द हरवतील तेवढेच हाताने तीन-चार डेसिबल उचला. प्रीमियरमध्ये हाच भेद वेगळ्या नावाने आहे : अनेक क्लिप निवडल्या असताना ‘नॉर्मलाइज मॅक्स पीक’ सगळ्यांना एकच वाढ देतं, ‘नॉर्मलाइज ऑल पीक्स’ प्रत्येकाला वेगळी.

पुढच्या वेळी क्रमच उलटा ठेवा. आधी पूर्ण रेकॉर्डिंगची लेव्हल लावा, मग कापा. आणि शूटिंगच्या जागी सगळ्यांना गप्प बसवून तीसेक सेकंद नुसता खोलीचा आवाज घेऊन ठेवा. कटांमधल्या फटी त्याने भरता येतात. तिथे पूर्ण शांतता सोडली तर पंखा मध्येच बंद पडल्यासारखं वाटतं. प्रत्येक कटवर दोन फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज उतरताना दुसरा चढवणं) दिला की टक्क असा येणारा आवाजही जातो.

प्रश्न : हेडफोनवर सगळं उत्तम. एका मित्राच्या फोनच्या स्पीकरवर मात्र बोलणाऱ्याचा आवाजच गायब, संगीत तेवढं ऐकू येतं. बोलणं १० डेसिबल वाढवून पाहिलं, काही उपयोग नाही.

शंभर वाढवलेत तरी उपयोग होणार नाही, कारण प्रश्न लेव्हलचा नाहीच. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये डावा आणि उजवा चॅनेल एकमेकांचे उलटे आहेत. डावीकडे लहर वर जाते त्याच क्षणी उजवीकडे तेवढीच खाली जाते. हेडफोनमध्ये दोन्ही कान वेगवेगळे ऐकतात, म्हणून आवाज येतो, फक्त डोक्यात मधोमध न बसता विचित्र पसरल्यासारखा वाटतो. एकच स्पीकर असलेला फोन दोन्ही चॅनेल एकत्र मिळवतो. अधिक आणि उणे मिळून शून्य. संगीत स्टीरिओ आणि सुलट असतं म्हणून टिकतं.

हे बहुतेक वेळा केबलमुळे होतं. तीन पिनांच्या एक्सएलआर माइकमध्ये पिन २ वर सुलटा आणि पिन ३ वर उलटा सिग्नल असतो, म्हणजे दोन तारांवर एकच आवाज. ही केबल साध्या जोडणीने कॅमेऱ्याच्या ३.५ मिलिमीटरच्या स्टीरिओ खाचेत घातली की कॅमेरा एका तारेला डावा आणि दुसरीला उजवा चॅनेल समजून बसतो.

गंमत अशी की लाउडनेस मीटरला यातलं काहीच कळत नाही. ते प्रत्येक चॅनेलची ताकद वेगळी मोजून बेरीज करतं, त्यामुळे आकडा -१६ दाखवतो आणि फोनवर सामसूम असते. यासाठी दोन चॅनेल सुलट आहेत की उलट हे दाखवणारं फेज मीटर बघावं लागतं. काटा सतत -१ कडे झुकलेला असेल तर समजा हेच दुखणं आहे.

इलाज सोपा आहे : एक चॅनेल टाकून द्या. रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमधल्या क्लिपवर राइट क्लिक करून ‘क्लिप ॲट्रिब्यूट्स’च्या ऑडिओ भागात फॉरमॅट मोनो करा आणि पहिला चॅनेल निवडा. क्लिप टाइमलाइनवर टाकण्याआधी हे केलेलं बरं. प्रीमियरमध्ये क्लिपवर ‘फिल राइट विथ लेफ्ट’ हा इफेक्ट टाकला की डावा चॅनेल दोन्हीकडे वाजतो. ज्यांचा आवाज एकाच कानात येतो, त्या वाचकांनाही हाच इफेक्ट लागू पडेल. फक्त आवाज उजवीकडे असेल तर ‘फिल लेफ्ट विथ राइट’ वापरा.

प्रश्न : मागचं संगीत बोलण्यापेक्षा किती खाली ठेवायचं?

१५ ते २० डेसिबल. पण हा आकडा सरकवत बसण्याआधी संगीताचा ट्रॅक म्यूट करा आणि बोलणं एकट्याने -१६ वर बसवा. जवळपास प्रत्येक जण उलटं करतो : संगीत छान वाजतंय म्हणून ते मोठं ठेवतो, मग बोलणं त्याच्या वर चढवतो, मग संगीत फिकं वाटलं की पुन्हा ते वाढवतो. अर्ध्या तासात दोन्ही छताला टेकलेले असतात. बोलणं ठरलं की त्याला हात लावायचा नाही, बाकी सगळं त्याच्या बेताने.

प्रीमियरमध्ये संगीताच्या क्लिपला ‘म्यूझिक’ ठरवून ‘डकिंग’ चालू करा, ‘डक अमाउंट’ -१८ च्या आसपास, फेड ८०० मिलिसेकंद, आणि ‘जनरेट कीफ्रेम्स’ (कीफ्रेम म्हणजे लेव्हल कुठे बदलायची त्याच्या खुणा). बोलणं आलं की संगीत झुकतं, संपलं की वर येतं. दोन वाक्यांमधल्या छोट्या विरामातही ते डोकं वर काढत असेल तर फेड लांबवा किंवा मधले कीफ्रेम हाताने पुसून टाका. नंतर कट सरकवलात तर कीफ्रेम पुन्हा तयार करावे लागतात. हे हमखास विसरतं आणि संगीत नको तिथे दबतं.

१८ खाली नेऊनही शब्द अडखळत असतील तर संगीताच्या ट्रॅकवर ईक्यू (ठरावीक पट्टीचा आवाज कमी-जास्त करणारा इफेक्ट) लावून २ किलोहर्ट्झच्या आसपास तीन-चार डेसिबलचा खळगा पाडा. व्यंजनं ओळखू येतात ती त्याच भागात. गाण्याचे शब्द असलेलं संगीत बोलण्याखाली मुळात घेऊच नका. कान दोन्हीकडचे शब्द एकदम ऐकायला बघतो. शेवटची परीक्षा म्हणून फोनचा आवाज अगदी तळाला आणा. संगीत विरून गेलं तरी हरकत नाही, वाक्य पूर्ण कळलं पाहिजे.

प्रश्न : बोलण्यासाठी कंप्रेसरची सेटिंग सांगाल का? तयार प्रीसेट लावला की आवाज रेडिओसारखा होतो, पण मागचा गोंगाटही वाढतो.

कंप्रेसर ठरलेल्या पातळीच्या (थ्रेशोल्ड) वरचा आवाज ठरलेल्या प्रमाणात (रेशो) दाबतो. थ्रेशोल्ड -२०, रेशो ३:१, अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) १० मिलिसेकंद, रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) १५० इथून सुरुवात करा. त्याचा अर्थ असा : -२० च्या खालच्या आवाजाला हात लागणार नाही. -८ वर गेलेला शब्द थ्रेशोल्डच्या १२ वर आहे, त्याचे तीन भाग करून चारच उरतील, म्हणजे तो -१६ वर येईल. आधी हळू आणि मोठ्या शब्दात १२ डेसिबलचं अंतर होतं, आता चारचं आहे. मग मेकअप गेन (दाबल्यानंतर सगळ्याला द्यायची वाढ) सहा दिला की सगळंच सहाने वर येतं. गोंगाटही, कारण तो -२० च्या खाली असल्याने दबलेला नव्हता. प्रीसेट दहा-बारा मेकअप देतो आणि गोंगाट तितकाच उचलतो. म्हणून गोंगाट कमी करायचा फिल्टर कंप्रेसरच्या आधी लावा, नंतर नव्हे.

अटॅक फार लहान ठेवला तर क, ट, प यांचा ठसका जातो आणि बोलणं गुळमुळीत होतं. रिलीज फार लहान ठेवला तर शब्दांच्या मध्ये पंखा श्वास घेतल्यासारखा वर येतो. गेन रिडक्शनचा काटा साध्या बोलण्यात तीन ते सहाच्या दरम्यान खेळला पाहिजे. तो कायम दहाला टेकलेला असेल तर थ्रेशोल्ड वर घ्या. सर्वांत आधी ८० हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर हवाच. टेबलाला लागलेला धक्का ऐकू येत नाही, पण कंप्रेसरला तो कळतो आणि तो उगाच दाबायला लागतो. कंप्रेशननंतर स आणि श टोचायला लागले तर ५ ते ८ किलोहर्ट्झवर डी-एसर.

प्रश्न : शॉटकट या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये नॉर्मलाइजचे ‘वन पास’ आणि ‘टू पास’ असे दोन फिल्टर आहेत. कोणता घ्यायचा?

‘टू पास’. तो आधी ‘ॲनलाइझ’ दाबून पूर्ण क्लिप मोजतो आणि मग एकच वाढ लावतो. ‘वन पास’ वाजता वाजता लेव्हल बदलत जातो, त्यामुळे बोलणारा थांबला की मागची खरखर हळूहळू वर चढते. लक्ष्य आधीच -२३ भरलेलं असतं, ते बदलून घ्या. क्लिपची लांबी बदलली तर ‘ॲनलाइझ’ पुन्हा करा.

प्रश्न : रेकॉर्डिंगच फाटलेलं आहे. गेन कमी करून सुधारेल?

नाही. लहरीचा माथा छताला लागून सपाट झाला आहे. गेन कमी केला की सपाट माथा तसाच खाली येतो, एवढंच. डीक्लिप फिल्टर गेलेल्या भागाचा अंदाज बांधून गोलाई देतो. एखाद-दुसरा शब्द फाटला असेल तर तो वाचतो, पूर्ण वाक्य असेल तर नाही. रेकॉर्डर ३२ बिट फ्लोटचा असेल आणि फाइल त्याच स्वरूपात असेल, तर मात्र आधी गेन उतरवून पाहा. तिथे शून्याच्या वरचाही आवाज फाइलमध्ये शाबूत असतो आणि सपाट दिसणारे माथे पुन्हा गोल होऊन खाली उतरतात. अर्थात माइक किंवा त्याचा ट्रान्समीटरच ओव्हरलोड झाला असेल तर ३२ बिटही काही करू शकत नाही. साध्या कॅमेऱ्यावर बोलण्याची टोकं -१२ च्या आसपास राहतील एवढाच इनपुट ठेवा आणि ऑटो गेन बंद करा.